चालत्या चक्कीत

देवपुरातल्या आमच्या गिरणीवाल्याला बायका दळण होईस्तोवर मनातलं सगळं सांगायच्या. तो नुसता "हं" म्हणायचा. दुपारी गिरणी बंद करण्याआधी चक्कीत मूठभर ज्वारी टाकून तो वाकायचा आणि ऐकलेलं सारं त्या घरघराटात बोलून मोकळा व्हायचा. "घर लई जावानं नही," म्हणायचा; लोकांचं ऐकलेलं घरी न्यायचं नाही.

एकदा मी पीठ न्यायला गेलो आणि वीज गेली. चक्की थांबली, त्याचं वाक्य थांबलं नाही.

"मास्तरनी बहिणले हाई लगन करानं नही शे."

तो दचकून वळला. "मास्तर, काही आयकं का?"

"नाही," मी म्हणालो. बहिणीला लग्न नको होतं आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या.

लग्नाचे गहू दळताना तो चक्कीत काहीच बोलला नाही, माझ्याकडे बघत राहिला. मी पिठात हात घालून, बारीक आलंय का ते बघत होतो.