छप्पर नसलेल्या निवाऱ्याची स्तुती

वृत्तपत्रातला उपरोध हा सत्तेच्या पाठीवर पडणारा चाबूक असतो. तो मी सासऱ्यांवर उगारला आणि त्यांनी हार समजून गळ्यात घातला.

सासरे राळेगावजवळच्या एका गावाचे सरपंच. त्यांनी फाट्यावर एसटीसाठी प्रवासी निवारा बांधला: तीन भिंती, सिमेंटचा बाक, स्वतःच्या नावाची फरशी. छप्पर राहून गेलं. (फरशी मात्र ग्रॅनाइटची!) मे महिन्यात सासूबाई गुडघे दाखवायला यवतमाळला निघाल्या आणि त्याच बाकावर भोवळ येऊन पडल्या.

"बाबाले तोंडावर सांगा ना, छप्पर टाका म्हणून!" बायको कडाडली.

सासऱ्याला तोंडावर सांगण्याइतका मी शूर नाही; म्हणून स्थानिक पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलं: ‘सूर्यप्रकाश थेट जनतेपर्यंत पोहोचवणारे हे पहिलेच कार्यसम्राट! मधे छपराचा एकही दलाल नाही!’

सकाळीच फोन आला.

"जावईबापू!" सासरे गहिवरले होते. "पोटच्या पोरानं नाही लिहिलं माह्यावर एवढं!"

"मामाजी, ते जरा... नीट वाचा ना."

"तीनदा वाचलं! ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचून दाखोलं. विरोधी पॅनलवाले जळून राह्यले!"

चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे वाढदिवसाच्या पानभर जाहिरातीत, नालीवर दोन फरश्या टाकणाऱ्यालाही ‘विकाससूर्य’ म्हणतात. त्यापुढे माझी अतिशयोक्ती अंमळ कंजूषच ठरली.

मग मी जहाल झालो. ‘गोरगरिबांना बाकावर बसल्या बसल्या फुकट ड जीवनसत्त्व!’ असा दुसरा लेख हाणला. सासऱ्यांनी दोन्ही लेख लॅमिनेट करून निवाऱ्याच्या भिंतीवर लावले आणि तिथंच, भर दुपारी, माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला!

सासूबाई डोक्यावर पदर ओढून माझ्या कानाशी आल्या. "जावईबापू, एवढं गोड लिहिता, तं छपरासाठी एक कडू ओळ काहून नाही लिहिली?"

"दोन्ही लेख कडूच होते, मामी."

"मंग आता तोंडानं सांगा."

माइक हातात आला. समोर सासरे हात जोडून, डोळे भरून उभे. माझ्या अंगावर लोकरी शाल, डोक्यावर ऊन. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मामाजींचं काम सगळ्यांसमोर उघडं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या फाट्यावर याच नमुन्याचा दुसरा निवारा मंजूर झाला. भूमिपूजनाचा नारळ मी फोडला.