टोळीचं तेल आणि बारा वाजताचे साहेब

ब्रह्मपुरीहून काळीपिवळीत आणलेला बर्फ शाळेत पोचला तेव्हा डब्यात नुसतं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तपासणीचे साहेब यायचे होते, ‘हिवाळ्यातलं विज्ञान’ बघायला. काय दाखवायचं तेही वरून लिहून आलेलं: बर्फात मीठ टाका, तापमान मोजा.

मी त्या आश्रमशाळेत लॅब अटेंडंट. शिक्षण दहावी. विज्ञानाच्या सरांची बदली झाली, नवे कोणी आले नाहीत, तेव्हापासून प्रयोग मीच करून दाखवायची. पुस्तक वाचून शिकले, थोडी काच फोडून शिकले. हेडमास्तरांना मात्र लॅबची खोली तांदळाच्या पोत्यांसाठी पाहिजे होती. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

“झालं बाई तुमचं विज्ञान. उद्या काई दाखवता नाई आलं, तर परवा खोली रिकामी करून द्या.”

सकाळी सहाला वसतिगृहाच्या ओट्यावर पोरी वेण्या घालत बसल्या होत्या. तेल थिजलेलं, म्हणून बाटल्या तळव्यावर आपटणं चालू. नववीतली सुनीता एकटी कोपऱ्यात. तिच्याजवळ घरचं टोळीचं तेल. टोळी म्हणजे मोहाची बी. त्याला वास येतो म्हणून पोरी तिला चिडवायच्या. तिचं तेल तर तुपासारखं घट्ट झालं होतं.

मी तिथंच थांबले. गोठलेलं पाहिजे ना साहेबांना? हे काय आहे मग?

“सुनीता, तुझी बाटली दे.”

“काऊन बाई? वास येते न.”

“येऊ दे.”

थिजलेल्या बाटल्या गरम पाण्यात धरून पातळ केल्या. टोळीचं तेल, खोबरेल आणि स्वयंपाकघरातलं सोयाबीनचं तेल, असे तीन परीक्षानळ्यांचे दोन संच भरले आणि ओट्यावरच ठेवले. अर्ध्या तासात पहिली दोन थिजली, सोयाबीन वाहतच राहिलं. प्रत्येक तेलाचं गोठायचं तापमान वेगळं असतं. कोणाला बर्फाइतकी थंडी लागते, कोणाला आपली सकाळची हवाच पुरते.

मी खूश. साडेसातला फोन आला, साहेब बारा वाजता येतील.

आमच्याकडे हिवाळ्यातही बाराचं ऊन चटका देतं. हेडमास्तर हसले. “तोवर सारं वाहून जाईन. मग उन्हाळ्यातलं विज्ञान दाखवा.”

मी शाल काढली, नळ्यांना गुंडाळायला लागले. सुनीतानं हात धरला.

“शालीपेक्षा कोंडा बरा, बाई. माय अंडी कोंड्यातच ठेवते. उन्हाळ्यात बी थंड राह्यतेत.”

“अंडे उबवून राह्यली का वो?” हेडमास्तर म्हणाले. “कोंड्यात तं अजून गरम होईन.”

मी पुस्तकात वाचलं होतं की पांघरूण स्वतः ऊब देत नाही. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही. वाचलं होतं, करून पाहिलं नव्हतं. एक संच टेबलावर उघडा ठेवला. दुसऱ्याला बुचं लावून बादलीभर धानाच्या कोंड्यात पुरला, बादली थंड कोपऱ्यात ठेवली. चार तास बादलीकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघितलं नाही.

साहेब साडेबाराला आले. टेबलावरच्या तिन्ही नळ्या पाण्यासारख्या.

“बर्फ कुठे आहे?”

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात सुनीतानं कोंड्यातून आपली नळी उपसली, बूच काढलं आणि साहेबांच्या उघड्या फाइलीवर उलटी धरली. हेडमास्तर धावले. थेंब पडला नाही.

खोबरेल कडेकडेनं पातळ व्हायला लागलं होतं, ते मी आधीच सांगून टाकलं. साहेबांनी टोळीची नळी मुठीत घेतली. “ही तर फारशी थंड नाही.”

“गोठाले बर्फावानी थंड व्हाच लागते असं नाई, साहेब,” सुनीता म्हणाली. “तेलातेलावर राह्यते.”

मग दोन्ही नळ्या कोमट पाण्यात सोडल्या. थर्मामीटर साहेबांनी स्वतः धरला. खोबरेल आधी वितळलं, टोळी किती वेळ हटून बसली. साहेब वाकून आकडे वाचत होते, पोरी लिहीत होत्या. जेवणाला दोनदा बोलावणं आलं, उठले नाहीत. जाताना शेरा लिहिला: ही खोली प्रयोगशाळेसाठीच ठेवावी.

पोती व्हरांड्यातच राहिली. दुसऱ्या सकाळी सुनीता ओट्याच्या मधोमध बसली होती आणि तिघीजणी तिची बाटली मागत होत्या. वास तसाच होता.

एवढं शिकले, की प्रयोग मांडायचा तर साहेब साडेचार तास उशिरा येतील असं धरूनच मांडावा.