बंडगर सरांनी हलवलेला सोफा

बंडगर सर बास्केटबॉलची मॅच बघायला बसले की बॉलकडे कधी बघायचेच नाहीत. बॉल उजवीकडे गेला की यांची मान डावीकडे. नवख्याला वाटावं, मान अवघडली आहे. विचारलं तर म्हणायचे, "बॉल बघायला पब्लिक हाय की. आपुन बाकीचं बघायचं."

सर चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढपाळाच्या घरचे. संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या मैदानावर आम्हा चारपाच हौशी मंडळींना पंचगिरी शिकवायचे. मी बँकेत कारकून. घरी-दारी माझं कुणी ऐकत नसे. शिट्टी मारली की दहा माणसं जागच्या जागी थांबतात, एवढ्याच लोभानं मी तिथं गेलो होतो.

तीन पंचांची पद्धत आमच्याकडे तेव्हा नवी होती. जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघटनेनं ती हौसेनं घेतली, कारण तिसऱ्या शिट्टीमुळे आणखी कुणाच्या तरी मेहुण्याची सोय होत होती. तिघांनी उभं कुठं राहायचं, हा प्रश्न फक्त सरांना पडला. तो त्यांनी मेंढरांवरून सोडवला.

"एक बास्केटखालच्या रेघेवर, एक मागं, एक पलीकडच्या अंगाला. बॉल पलीकडं गेला की रेघेवरल्यानं रेघ धरून तिकडं जायाचं. त्यो हलला की बाकीच्या दोघांनी न सांगता जागा बदलायची. त्यो हलला न्हाय, तर एक अंग उघडं पडतंय. लांडगं तितनंच येतंय."

जिल्ह्याचा अंतिम सामना हीच माझी परीक्षा होती. पास झालो तर विभागीय सामन्यांची शिट्टी मिळणार होती. मी रेघेवर, सर मागं, तिसरा पलीकडं. आता आमच्याकडे पाहुण्यांचा सोफा रेघेला चिकटूनच मांडतात. तिथून फोटो चांगला येतो. प्रमुख पाहुणे पाय पसरून बसले होते. बॉल पलीकडं गेला. मी निघालो, तर वाटेत साहेबांचे पाय! ते ओलांडायचे कसे? मी अदबीनं थांबलो. मी थांबलो म्हणून बाकीचे दोघंही थांबले. तेवढ्यात बास्केटखाली कुणाचं तरी कोपर बसलं आणि एक खेळाडू रक्ताळलेला ओठ धरून खाली बसला. तीन पंच, तिन्ही शिट्ट्या गप्प.

त्याचा कोच सरांवर धावून आला. सर शांतपणे म्हणाले, बघितलं नाही त्याची शिट्टी मारता येत नाही. मग ते सोफ्यापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले.

"सायेब, जरा उठा. ही पंचाची वाट हाय."

साहेब नुसत्या नवलानंच उठले. सरांनी एकट्यानं सोफा ओढत चार पावलं मागं नेला. मी तोंडात शिट्टी धरून बघत उभा होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

सरांनी माझ्या कागदावर लिहिलं, "थांबला. नापास." संघटनेनं मला पास केलं, शेरा होता, 'नम्र व शिस्तप्रिय'. सरांना मात्र पुन्हा कुठल्याही सामन्याला बोलावणं आलं नाही. मी तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "तुमी हलला असता तर मला सोफा हलवावा लागला नसता." आणि त्याच संध्याकाळी मला रेघेवर तासभर पळवलं.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. मी शाखाधिकारी झालो. आमच्या शाखेनं खेळाडूंना टी-शर्ट दिले, म्हणून परवा मीच प्रमुख पाहुणा होतो. सोफा पुन्हा रेघेलाच चिकटलेला. रेघेवर एक नवी पंच होती. बॉल पलीकडं गेला. ती पळत आली आणि माझ्या बुटांपाशी येऊन थांबली. अदबीनं.

खेळ थांबताच मी उठलो. पाहुणे निघाले असं समजून संयोजकांनी घाईघाईनं माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. नारळ काखेत मारून मी वाकलो आणि सोफ्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला कुणी येईना. सोफा भलताच जड होता. सरांनी तो एकट्यानं ओढला होता.