पुलावर अडणारी गाडी

बावीस वर्षांची होईपर्यंत घरच्यांनी मला दुकानातून काडेपेटीसुद्धा आणायला पाठवलं नव्हतं. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, तेव्हापासून सगळी कामं दादाची. दळण आणायला दादा, सांबार आणायला दादा. आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी आपली बसल्या जागी लाडकी. त्या लाडाचा मला भयंकर राग यायचा.

म्हणून प्राथमिक शाळेत शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा मी दादाच्या मागेच लागले. तो लकडगंजात एका बॅटरीवाल्याकडे कामाला होता. त्यानं सायकल रिक्षाचा सांगाडा मिळवला, भंगारातल्या जीपचा डायनॅमो मोटर म्हणून बसवला, सीटखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या ठेवल्या आणि मला विजेवर चालणारी गाडी करून दिली. आमच्या मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मोठ्या बाईंनी, ती बघताना दोनदा चष्मा पुसला. "महिनाभर बघू," त्या म्हणाल्या. "रोज वेळेवर येणं जमलं तर नोकरी पक्की." तीन आठवडे मी घंटेआधी हजर होते. मग दसरा आला. घरातल्या हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा झाली.

दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर गाडी चालली, जरा मरगळलेली होती एवढंच. रेल्वेच्या पुलाचा चढ लागला आणि तिनं एकदम मान टाकली. हॉर्न दाबला तर खणखणीत वाजला, पण त्याच वेळी गाडी चालवायचा खटका दाबला की हॉर्नचा आवाज घशात अडकायचा. लाकडाच्या हातगाड्या ओढणारे दोघे धावत आले आणि मला ढकलत वर घेऊन गेले. "डरो मत, बाई," त्यातला एक म्हणाला. मी घाबरले नव्हते, संतापले होते. शाळेत पोचले तेव्हा पहिला तास अर्धा झाला होता. मोठ्या बाईंनी घड्याळाकडं पाहिलं. "पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं.

संध्याकाळी दादानं अंगणात मोटर खोलली. आत सगळं धडधाकट. बॅटऱ्यांना मीटर लावला, तर त्या पूर्ण भरलेल्या.

"बॅटरी बरोबर, मोटर बरोबर. मंग चालून काहून नाही राहिली?" तो म्हणाला. "तूच खटका अर्धा दाबला असशील वं."

"अन् आतापर्यंत काय मी पायानं चालवली?"

आई दारात उभी होती. "राहू दे आता," ती म्हणाली. "पोरीले घरीच चार लेकरं शिकवायले बसवू. लोकायनं तिले ढकलत न्यावं, हे मले पाहवत नाही."

मला रडू फुटलं. पण माझं एक आहे, राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. मला तो हॉर्न आठवला. नुसता दाबला की खणखणीत, मोटरीचा खटका दाबला की बसका. म्हणजे गाडी उभी असतानाचा मीटर खोटं बोलत होता.

"दादा, मोटर बसव. मी ब्रेक धरून खटका दाबते, तू खटक्यापाशी येणाऱ्या तारायले मीटर लावून पाह्य."

मी क्षणभरच खटका दाबला. मीटरचा काटा धाडकन खाली आला. सोडला, काटा पुन्हा वर.

"वीज वाटेत कुठंतरी अडून राहिली," दादा पुटपुटला. त्यानं एकेक जोड बोटानं चाचपला. बाकीचे गार होते. एका बॅटरीच्या खुंटाला हात लागला आणि "अरे बाप्पा!" म्हणत त्यानं तो मागे घेतला. पाना लावून तार काढली. तारेच्या कडीखाली लालपिवळा थर बसला होता, आणि त्यात चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

दसऱ्याला दादानं तारा सोडून बॅटऱ्या धुतल्या होत्या, पाटावर मांडल्या होत्या. आईनं हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या त्या नेमक्या वरच्या खुंटांवर, कारण बॅटरीचं कपाळ तिथंच असणार असं तिला वाटलं.

"माह्याच हातानं झालं काय वं हे?" तिचा चेहरा उतरला.

"नाही वं माय," दादा म्हणाला. "मी तार जोडतांनी पुसायचं होतं. पण पूजेचं कुंकू कसं पुसावं?"

आई आत गेली आणि कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून फडकं घेऊन आली. "सरक. मीच लावलं, मीच पुसीन." चारही खुंट तिनं चकचकीत होईतो पुसले. दादानं तारा आवळल्या, वरून ग्रीस लावलं.

सकाळी मी निघाले तेव्हा आई फाटकापाशी आली. रोज तिचं एकच असायचं, नाही जमलं तर वापस ये. त्या दिवशी तिनं माझ्या हातात कापडी पिशवी दिली.

"येतांनी सांबार आणजो वं. ताजा पाहून आणजो."

पुलाचा चढ मी न थांबता चढले. वर्गात पोचले तेव्हा घंटा व्हायची होती. पिशवी मी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. वर्गात डोकावलेल्या मोठ्या बाईंनी विचारलंच, ही कशाला आणली?

"घरी सांबार न्यायचाय," मी सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं असावं, कारण अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला.