परत न आलेली एकशे बावीस गिऱ्हाइकं

जुलैची अठरा तारीख, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. पेडण्यात सुलक्षाच्या घरामागच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो: सुलक्षा, तिचा नवरा नितीन आणि मी. प्रश्न एक लाख साठ हजार रुपयांचा होता. फराळाच्या एकशे वीस पेट्यांना लागणारं तूप, रवा, साखर, खोबरं आणि पुठ्ठा यांची ती आगाऊ रक्कम. म्हापशाच्या व्यापाऱ्याला ती मंगळवारी द्यायची होती.

हातात ऑर्डरी होत्या अकरा.

"गेल्या साली ह्या तारखेक किती होत्यो?" नितीनने विचारलं.

"एकाहत्तर," मी म्हणालो.

"मगे? एकशे वीस पेट्यांचो माल घेतलो आणि त्यो विकल्यो नाय, तर पुढच्या चतुर्थीपर्यंत आम्हीच नेवऱ्यो खावच्यो? बंद कर गे हां ऑनलाइन. दुकानांत किलोवर घालूया."

सुलक्षा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "किलोवर घातलं तर माझ्या सहा बायांची मजुरी सुटत नाय. त्यांका तू सांग जा, उद्यापासून येव नको म्हणून."

मुद्दा मिटला नव्हता. मंगळवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे मुलीच्या लग्नानंतर गणेश चतुर्थीला माहेराहून तिच्या सासरी फराळाचं, नारळांचं, फळांचं ओझं जातं. त्याला वजें म्हणतात. पहिल्या वर्षी ते मोठं असतं. पुष्कळ घरांत पुढची काही वर्षंही जातं. सासरी ते उघडून शेजारीपाजारी वाटतात. हल्ली माहेरी एवढा फराळ करायला हात नसतात. कुणी पुण्याला नोकरीवर, कुणाच्या घरी दोघंच म्हातारी माणसं. अशांसाठी सुलक्षाने वज्याची पेटी सुरू केली. नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या, खाजं, वर पाच नारळ. वेबसाइटवर पैसे भरायचे, नितीनची गाडी पेटी मुलीच्या सासरी पोचवते.

मी डिचोलीला राहतो. वीस वर्षं एका खाणीच्या वजनकाट्यावर होतो. खाण बंद झाल्यावर हिशेबाची कामं घेऊ लागलो. आता सहा छोट्या ऑनलाइन धंद्यांच्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांच्या याद्या घरी बसून सांभाळतो. या कामात एक आकडा मी सगळ्यांत आधी बघतो. त्याला रिपीट रेट म्हणतात. गेल्या वर्षीच्या शंभर गिऱ्हाइकांपैकी यंदा किती परत आली, एवढाच त्याचा अर्थ. नवीन गिऱ्हाईक मिळवायला जाहिरात लागते. जुनं आपल्या पायांनी येतं. छोटा धंदा जुन्यांवरच चालतो.

सुलक्षाचा रिपीट रेट दुसऱ्या वर्षी शहात्तर होता, तिसऱ्या, म्हणजे गेल्या, वर्षी अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी एकशे चोवीस घरांनी पेट्या घेतल्या. यंदाच्या अकरा ऑर्डरींत नऊ नव्या होत्या. जुन्या दोन. म्हणजे एकशे बावीस माणसं आली नव्हती.

पहिला संशय मालावर. पण सुलक्षा सोलां (आमसुलं), कुळथाचं पीठ आणि पोहेही विकते. त्यांची जुनी गिऱ्हाइकं नेहमीप्रमाणे येत होती. हात तोच, तूप तेच. दुसरा संशय किमतीवर. ३,६०० ची पेटी यंदा ३,८०० झाली होती. दोनशे रुपयांसाठी एकशे बावीस माणसं पळत नाहीत. तिसरा संशय वेबसाइटवर. मी स्वतः खोटी ऑर्डर टाकून बघितली. चालत होती.

राहिला फोन. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत मी माझ्या वहीतून एकतीस जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. उत्तरं अशी:

"यंदा घरीच करतलो."

"बघूया हां. कळवतो."

"चेडू म्हणता नको म्हणून." चेडू म्हणजे मुलगी.

एका बाईंनी आवाज ओळखताच फोन ठेवला. एका गृहस्थांनी मात्र विचारलं, "यंदाय सवलत आसा काय?"

मला हुरूप आला. "आसा! जुन्या गिऱ्हाइकांक वीस टक्के."

त्यांनीही फोन ठेवला.

एकतीस फोन आणि एकही तक्रार नाही, हे मला सगळ्यांत वाईट वाटलं. माल बिघडला असता तर माणसं भांडली असती. आमच्या भागात नारळ सडका निघाला तर दुकानदाराला तो परत नेऊन दाखवतात. इथे कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

एकतिसावा फोन सर्वणच्या कुंदामावशींना होता. त्यांची मुलगी साखळीला दिलेली. दोन वर्षं पेटी घेतली होती. त्या म्हणाल्या, "फोनार काय सांगू? घरा येया."

रविवारी सकाळी मी स्कूटर काढून गेलो. सर्वण आमच्यापासून जवळच. मावशी अंगणात सुपाऱ्या कातरत होत्या. मला खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या आईची चौकशी केली. मग अडकित्ता बाजूला ठेवला.

"पेटयेत कागद कोणी घातलो?"

"कसला कागद, मावशी?"

"कसलो म्हणजे? तुमचो कागद माझ्या विहिणीच्या फ्रीजार अजून चिकटवलेलो आसा. चुंबक लावून."

मला हळूहळू आठवलं. गेल्या वर्षी मी एक योजना आणली होती. योजना माझी, सुलक्षाची नव्हे, हे आधीच लिहून ठेवतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला पंधरा टक्के सवलत. प्रत्येक पेटीत बिल आणि एक रंगीत चिठ्ठी. चिठ्ठीवर छापलेलं: 'मूळ किंमत ३,६००. सवलत ५४०. तुम्ही वाचवलेत ५४० रुपये! पुढच्या वेळी हा कोड वापरा.' अशा चिठ्ठीला कूपन म्हणतात. बाकीच्या पाच धंद्यांत तिने चांगलं काम केलं होतं.

"विहिणीन पेटी उघडल्यान तेव्हा शेजारच्यो चार बायलो बसलेल्यो," मावशी म्हणाल्या. "तिने कागद मोठ्यान वाचल्यान. म्हणाली, 'बघा गे, आमच्या सुनेच्या आवशीन पाचशे चाळीस रुपये वाचवल्यान.' सगळ्यो हासल्यो. माझां चेडू थंयच उभां."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तू आकड्यांचो माणूस, बाब. माका एक सांग. वजें कोणी सवलतीत धाडता?"

"चुकलं, मावशी."

"आणि तितक्यार भागलां नाय. दिवाळयेक विहिणीच्या फोनार मेसेज. 'वजें आवडलं? पुन्हा मागवा, पाचशे रुपये वाचवा.' तिने तो माकाच परत धाडल्यान. वर हासतलां तोंड लावून."

घरी येऊन मी वही आणि वेबसाइटची यादी शेजारी ठेवली. ऑनलाइन ऑर्डरीत दोन पत्ते असतात. पैसे भरणाऱ्याचा एक, माल घेणाऱ्याचा दुसरा. पोहे मागवणाऱ्याचे दोन्ही एकच. वज्यात ते कधीच एक नसतात. परत आलेली ती दोन जुनी गिऱ्हाइकं मी शोधली. एकाने पेटी ऑफिसात वाटायला घेतली होती, दुसऱ्याने स्वतःच्या घरी खायला. दोघांचेही दोन्ही पत्ते एकच होते. कागद त्यांच्याच हातात पडला होता. ते खूश होते.

एकशे बावीस बिलं दुसऱ्याच्या दारात उघडली गेली होती. मी वजनकाट्यावर असताना एक ट्रक चुकीच्या पावतीवर सोडला तरी रात्रभर झोप लागत नसे.

दुपारी पेडण्याला गेलो आणि दोघांना सगळं सांगितलं. सुलक्षा माझ्याकडे वळली.

"मी तुमका विचारलेलां, उल्हासबाब. कागद कित्याक म्हणून. आधी मी पेटयेर नावसुद्धा घालत नव्हते."

"विचारलं होतंस. मी म्हणालो होतो, सगळे घालतात."

नितीन म्हणाला, "मगे आता? म्हाताऱ्या विहिणींच्या फ्रीजांवरचे कागद काढूक मी गाडी घेऊन फिरू?" आणि रागारागाने लॅपटॉपकडे वळला. आम्ही दोघं बोलत राहिलो. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "माफीचो मेसेज तयार. एकशे चोवीस जणांक एकदम जातलो. दाबू?"

मी वाचला. 'गेल्या वर्षी आपल्या वज्याच्या पेटीत चुकून बिल गेले. क्षमस्व. यंदाही आमच्याकडूनच मागवा.' शब्द बरे होते. मग माझी नजर नंबरांवर गेली.

"हात काढ! नितीन, हात काढ आधी!"

त्याने दचकून हात वर केला.

मी फोन केले होते ते माझ्या वहीतल्या नंबरांना, म्हणजे पैसे जिथून आले तिथे. त्याच्या समोरची यादी वेबसाइटची होती. तिथे एकच फोन नंबर भरायची जागा होती. पेटी पोचवताना ड्रायव्हर फोन करतो, म्हणून लोक तिथे मुलीच्या सासरचा नंबर देत. दोन्ही याद्या एकच, असं मी तीन वर्षं धरून चाललो होतो. नितीनने ते बटण दाबलं असतं तर माफी एकशे बावीस सासरांना गेली असती. ज्या घरांत कागद कुणी नीट वाचला नव्हता, तिथेही वाचला गेला असता.

"देवा," सुलक्षा म्हणाली. लॅपटॉप तिने आपल्याकडे ओढून घेतला.

सोमवारी सकाळी सहा वाजल्यापासून मी याद्या वेगळ्या केल्या. एका रकान्यात पैसे देणारा, दुसऱ्यात पेटी उघडणारा. जिथे खात्री नव्हती ती सोळा नावं मी बाजूला काढली. त्यांना फोन करायचाच नाही असं ठरलं. बाकीचे फोन सुलक्षाने स्वतः करायला घेतले. माझ्या आवाजाची ओळख एव्हाना नकोशी झाली होती.

काय बोलायचं यावर नितीनचा आणि माझा वाद झाला. तो म्हणाला, "ड्रायव्हरान सांगायचं, माहेरच्या घरात केलेलां आसा."

"खोटं सांगायचं नाही," मी म्हणालो.

"मगे काय सांगायचं? तीन हजार आठशे म्हणून?"

सुलक्षाने तोडगा काढला. पेटीवर नाव नाही, आत कागद नाही. बिल पैसे देणाऱ्याच्या फोनवर. ड्रायव्हरने फक्त कुणाच्या घराहून आलं ते सांगायचं. कुणी विचारलंच, तर खरं सांगायचं. आणि ज्यांना हवं असेल त्यांनी आपल्या झाडाचे नारळ, आपल्या हातची एखादी वस्तू आदल्या आठवड्यात आणून द्यावी, ती पेटीत वर ठेवली जाईल.

तिने फोनवर सवलतीचा शब्दही काढला नाही. आधी ऐकून घेतलं. काहींनी तिला पाऊण तास झापलं. एका बाईंच्या मुलीने वर्षभर माहेरी धड फोन केला नव्हता. त्यांचं सगळं सुलक्षाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या बाई परत आल्या नाहीत, आणि याव्या असं आम्हाला म्हणवलंही नाही.

संध्याकाळी सातपर्यंत बावीस जुनी गिऱ्हाइकं हो म्हणाली. अकरा आणि बावीस, तेहतीस.

मंगळवारी सकाळी नितीन म्हणाला, "चाळीसांचो माल घे."

"साठ," सुलक्षा म्हणाली.

"उरलो तर?"

"तू खा. तूच म्हटलंस ना, नेवऱ्यो खावच्यो म्हणून?"

तो हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. ऐंशी हजार घेऊन म्हापशाला गेला.

चतुर्थीपर्यंत एक्याण्णव पेट्या गेल्या. जुनी गिऱ्हाइकं सत्तावन्न, नवी चौतीस. साठाच्या वरच्या एकतीस पेट्यांचा माल आयत्या वेळी चढ्या भावाने घ्यावा लागला, त्यामुळे नफा गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. रिपीट रेट सेहेचाळीस. अठ्ठ्याहत्तरावरून सेहेचाळीस, तोही फोनवर फोन करून. सहाही बाया कामावर राहिल्या.

मी बाकीच्या पाच धंद्यांच्या याद्याही तपासल्या. एका ठिकाणी बारशाच्या भेटींत तेच चाललं होतं. ते त्याच दिवशी थांबवलं. माझ्यापुरता धडा एवढाच: गिऱ्हाईक परत आणायची युक्ती काढण्याआधी कागद कुणाच्या हातात पडणार ते बघावं. मला हे कळायला तीन वर्षं आणि सदुसष्ट गिऱ्हाइकं लागली.

कुंदामावशी गाडी निघण्याच्या तीन दिवस आधी पेडण्याला आल्या. बसने, सोबत पिशवीत घरचे पाच नारळ. सुलक्षाने त्यांना पेटी फुकट देऊ केली. त्यांनी मान हलवली. निदान आमच्या नारळांचे पैसे तरी वजा करते, असं ती म्हणाली, तेही त्यांनी ऐकलं नाही. पदराची गाठ सोडून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि सुलक्षाच्या हातात पुरे तीन हजार आठशे रुपये ठेवले.