उतारावर मोजलेलं डिझेल

पुण्याची पोस्टिंग मिळाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे होते आणि डोक्यात त्याहून बरेच जास्त. बायकांना शॉर्ट सर्व्हिसवर घ्यायला सुरुवात होऊन थोडीच वर्षं झाली होती. युनिटमध्ये मी एकटी लेडी ऑफिसर. काम मोटार ट्रान्सपोर्टचं, म्हणजे ट्रक, ड्रायव्हर, डिझेल आणि या तिन्हींचे कागद. जवानांना मी इंजिनावर लेक्चर देत असे. फळ्यावर रंगीत खडूने आकृत्या काढायचे. हाताला जे काही लागायचं ते खडूचंच.

पहिल्याच महिन्यात ब्रिगेडियर साहेबांनी बोलावलं.

"कॅप्टन, घोड्यावर बसता?"

"येस सर."

"उद्यापासून रायडिंग क्लबच्या सेक्रेटरी."

सैन्यात याला ॲडिशनल ड्यूटी म्हणतात. मला तो बहुमान वाटला. आता कळतं, माझ्याआधी चौघांनी कंबरदुखीचं कारण देऊन ती चुकवली होती.

क्लबात नऊ घोडे होते, एक घोड्यांचा ट्रेलर होता आणि तो ओढायला काही नव्हतं. शाळा, सोसायट्या, नव्यानेच उघडलेल्या सॉफ्टवेअर कंपन्या, सगळ्यांना कार्यक्रमाला घोडे हवे असायचे. सरकारी गाडी मिळायची नाही. म्हणून क्लबच्या फंडातून जुनी डिझेल जीप घ्यायचं ठरलं. फोर बाय फोर, लांब चॅसीची. ती आंबेगावकडच्या एका जमीनवाल्यांकडे होती. त्यांच्या वांग्याच्या वावरात बिल्डरचे खांब उभे राहिले होते आणि दारात नवी कोरी मोटार. जीप गोठ्यामागे पडून होती.

"इंजिन सोनं हाय, मॅडम," ते म्हणाले. "बॅटरीला तेवढं म्हातारपण आलंय. उताराला तोंड करून लावायची. सोडली की आपसूक बोलती."

"आणि डिझेलचा काटा?"

"त्यो आमच्या वडलांसंगट गेला."

माझ्याबरोबर हवालदार विठोबा ढमाले होते. क्लबचे नालबंद. घोड्याच्या पायाला नाल ठोकण्यापासून घोड्याच्या मनात काय आहे ते सांगण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. वयाने माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, मुळशीकडचे, बोलायला कमी. त्यांनी जीपखाली वाकून चॅसी पाहिली, हूक पाहिला, चाकं हलवून पाहिली.

"काय हवालदार, ओढेल ना दोन घोडे?" मी विचारलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, "ओढेल."

"येस मॅडम."

क्लबच्या तबेल्याशेजारी उतार होता. जीप तिथेच, नाक खाली करून उभी राहायची. सकाळी सहाला फर्स्ट परेड. फर्स्ट परेड म्हणजे गाडी हलवण्यापूर्वीची तपासणी: ऑइल, पाणी, टायर, इंधन. काटा मेलेला असल्यामुळे इंधन मी स्वतः मोजायचे. कशाने, तर माझ्या केनने. ऑफिसरच्या काखेत असते ती वेताची काठी. तिच्यावर मी चाकूने तीन खुणा केल्या होत्या: पाव, अर्धी, पूर्ण. टाकीच्या पुढच्या टोकाला झाकण होतं. काठी आत सोडायची, बाहेर काढायची, ओली खूण वाचायची आणि मोठ्याने जाहीर करायची. मला त्या वेळी स्वतःचा फार अभिमान वाटे. आजची मी तिथे असते तर त्या पोरीच्या हातातून काठी काढून घेतली असती.

तपासणी संपली की सैन्यात विचारायची रीत आहे, "कोई शक?" उत्तर ठरलेलं असतं.

एका सकाळी ढमाले जरा थांबले.

"मॅडम, घोड्याची कुंडी उताराला ठिवली की पानी एका अंगाला..."

"हवालदार, ही कुंडी नाही. इंधनाची टाकी आहे. कोई शक?"

"नो मॅडम."

चार महिने जीप शहरातच फिरली. टाकी बहुतेक भरलेलीच असायची. खोट उघडी पडायला घाट लागला.

डिसेंबरातला शनिवार. एका सॉफ्टवेअर कंपनीचा फॅमिली डे खेड शिवापूरच्या पुढे एका फार्महाउसवर होता. पोरांना घोड्यावर बसवून फेऱ्या मारायच्या. आम्ही एकच घोडी नेली, चिमणी. नाव चिमणी, पण खांद्याला माझ्यापेक्षा उंच. तांबूस, कपाळावर पांढरी चांदणी, स्वभावाने इतकी गरीब की पोरांनी कान ओढला तरी दुसरा पुढे करायची. क्लबातली निम्मी मुलं घोड्यावर बसायला तिच्याच पाठीवर शिकली होती. ढमालेंनी तिला तीन वर्षांची असताना पहिली नाल ठोकली होती.

सकाळी ०६४० ला मी काठी बुडवली. "अर्धी टाकी." जायला-यायला पुरून उरेल. पंपावर थांबायचं काही कारण नव्हतं. ०७०० ला निघालो.

दुपारी १४३० ला चिमणीने जेवणाच्या मांडवाकडून परत आल्यावर पाय आपटायला सुरुवात केली. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघायची. अंगाला घाम. कंपनीतल्या लोकांनी हौसेने तिला पाव, पुलाव, जिलबी, काय काय खाऊ घातलं होतं. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, नाहीतर आतडं पिळवटतं आणि घोडा जातो. ढमाले तिला फिरवू लागले. मी फार्महाउसच्या फोनवरून क्लबच्या व्हेट मेजर साहेबांना गाठलं.

"बसू देऊ नका, लोळू देऊ नका," ते म्हणाले. "मी तिकडे येऊ की तुम्ही आणता?"

मागे उभे असलेले ढमाले हळूच म्हणाले, "सायबांनाच बोलवू या मॅडम. हितं तिला चालवता येतंय."

मी फोनमध्ये म्हणाले, "मी आणते सर. फिफ्टी मिनिट्स."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा ऐकलं आहे. आवाज माझाच असतो.

१५२० ला निघालो. मी चालवत होते, ढमाले शेजारी. चढ लागला. तेव्हा नवा बोगदा व्हायचा होता. सगळी वाहतूक जुन्या कात्रज घाटातून, डोंगराच्या माथ्याजवळच्या जुन्या अरुंद बोगद्यातून. बोगदा ओलांडला की सरळ उतार, खाली कात्रज, मग पुणं. बोगद्यात शिरलो. पलीकडच्या तोंडाचा उजेड समोर दिसत होता. इंजिनाने एक आचका दिला, दुसरा दिला आणि बंद पडलं. १६०५.

मी किल्ली फिरवली. फिरवली म्हणजे काय, पिळली. काही नाही. मागे टोमॅटोचा ट्रक ट्रेलरला चिकटून थांबला, त्याच्या मागे एसटी, मग रांग. कोणीतरी शहाणा आम्हाला ओलांडायला बाजूने पुढे गेला आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. पाच मिनिटांत बोगदा दोन्ही बाजूंनी बंद झाला. हॉर्न, धूर, काळ्या भिंतीतून ठिबकणारं पाणी. ट्रेलरची मागची फळी खाली पाडायला हातभर जागा नव्हती. म्हणजे चिमणीला बाहेर काढता येत नव्हतं. एका बाजूला माणूस जाईल एवढं छोटं दार होतं. ढमाले त्यातून आत शिरले.

"हवालदार, बाहेर या. ती बसली तर चिरडाल."

"बसू द्यायची न्हाई ना मॅडम. म्हनून तर आलोय."

दार आतून लागलं. त्यानंतरचं आमचं बोलणं ट्रेलरच्या पत्र्यातून झालं, वायरलेसवर व्हावं तसं.

"रिपोर्ट."

"उभी हाय."

टोमॅटोच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. कऱ्हाडकडचा, डोक्याला मफलर.

"ताई, डिझेल संपलंय."

"कॅप्टन," मी म्हणाले. "आणि अर्धी टाकी आहे." पुरावा म्हणून मी काठी दाखवली.

त्याने काठीकडे पाहिलं. मग खिशातला पाना काढून टाकीच्या खालच्या अंगाला वाजवला. टाकी रिकाम्या घागरीसारखी बोलली.

"काठी काय म्हनती ते ऱ्हाऊ द्या कॅप्टनताई. टाकी काय म्हनती ते ऐका."

तेव्हा मला एकदम सगळं दिसलं. उतारावर नाक खाली करून लावलेली जीप. सगळं डिझेल पुढच्या टोकाला गोळा झालेलं आणि काठीही पुढच्याच टोकाला. अर्धी टाकी कधी नव्हतीच. जेमतेम पाव होती. घाट चढताना नाक वर झालं, उरलंसुरलं मागे गेलं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी पुढे. तिने हवा ओढली.

"रिपोर्ट."

"उभी हाय मॅडम. लई थरथरती."

ड्रायव्हरने स्वतःच्या टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली, थुंकला आणि कॅन भरून आमच्या टाकीत ओतला. पण डिझेल इंजिनात हवा शिरली की नुसतं ओतून भागत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. हे मी फळ्यावर किमान वीस वेळा शिकवलं होतं. ड्रायव्हरला मी सगळ्या पायऱ्या क्रमाने म्हणून दाखवल्या.

"बरोब्बर," तो म्हणाला. "मग करा की."

मी बॉनेट उघडलं. फळ्यावर स्क्रू नेहमी समोरच असायचा. इथे तो पाइपाच्या मागे, गंजलेला, बोटही पोचत नव्हतं. माझा पहिला पाना मोठा पडला. दुसरा निसटला आणि हाताची साल गेली. ड्रायव्हर टॉर्च धरून उभा राहिला.

"रिपोर्ट."

उत्तराऐवजी पत्र्यावर आतून मोठा दणका बसला. ट्रेलर हलला, जीप हलली.

"हवालदार!"

"बसली मॅडम. डोकं धरलंय. लोळू देत न्हाई."

"तुम्ही ठीक आहात?"

"ठीक हाय. तुमी गाडीचं बगा."

मी पंप मारत राहिले. बुडबुडे. पुन्हा बुडबुडे. मागच्या एसटीतली माणसं उतरून बघायला आली. एक बाई म्हणाली, "बाई आहे हो गाडी दुरुस्त करायला." दुसरी म्हणाली, "म्हणूनच." मला रडू आलं नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते. स्क्रू आवळला तेव्हा १६५० झाले होते. बॅटरीत तीन वेळा फिरवण्याइतकी धुगधुगी होती. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. पुढे अडकलेल्यांना ड्रायव्हरने आणि एसटीच्या कंडक्टरने शिव्या देत मागे सरकवलं. १७०० ला आम्ही बोगद्याबाहेर उजेडात आलो. ढमाले ट्रेलरमध्येच होते. मी थांबले नाही. त्यांनी थांबायला सांगितलं नाही.

क्लबवर १७४० ला पोचलो. व्हेट साहेबांनी नाकातून पोटात नळी घातली, इंजेक्शनं दिली, पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. चिमणी १९१५ ला गेली. तिचं डोकं ढमालेंच्या मांडीवर होतं.

"लवकर आली असती तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते.

ढमालेंच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलेलं होतं. ती बसली तेव्हा हात भिंतीत आणि तिच्या अंगात सापडला होता. ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. डाव्या हाताने चहा घेताना मला दिसलं म्हणून.

घोडा गेला की चौकशी होते. मी स्टेटमेंट लिहिलं. तीन ओळी, सुरेख इंग्रजी. घाटात वाहनाचं "मेकॅनिकल फेल्युअर" झालं, त्यामुळे विलंब झाला. साक्षीदार म्हणून खाली ढमालेंची सही हवी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी कागद वाचला. इंग्रजी त्यांना येत होतं, त्या दोन शब्दांपुरतं तर नक्कीच. मग माझ्याकडे न बघता डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखी वाकडी. फाइल बंद झाली. कोणी मला "कोई शक?" विचारलं नाही.

त्या आठवड्यात काठीवर माझ्या "अर्धी"च्या खुणेच्या बरीच वर, उतारावर खरी अर्धी टाकी जिथे दिसेल तिथे, एक नवी खूण आली. ती कोणी केली हे मी विचारलं नाही. खूणही वाकडीच होती.

पाच वर्षं संपली, मी सैन्य सोडलं. जीप भंगारात गेली. ढमाले निवृत्त होऊन कात्रजला मुलीकडे राहायला आले. वरातीच्या घोड्यांना नाल ठोकायचे. मी नको तितक्या उशिरा त्यांच्याकडे गेले. चहा झाला. मी म्हणाले, "हवालदार, ते डिझेल मी चुकीचं मोजलं होतं."

"ठावं हाय."

"मग सांगितलं का नाही? मी विचारत होते ना रोज, कोई शक?"

"शक कुटं व्हता मॅडम," ते म्हणाले. "खात्रीच व्हती." आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "मी बी तुमचं ऐकायला नको व्हतं. सायबांना फोन मीच लावाय पायजे व्हता."

एवढी वर्षं माझी चूक त्यांनी अर्धी स्वतःकडे ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी ती परत मागितली. "नो मॅडम," ते म्हणाले.

काठी माझ्याकडे आहे. नात तिचा घोडा करून घरभर दौडते. मध्यंतरी तिने विचारलं, "आजी, ही रेघ वाकडी का आहे?" मी म्हटलं, तीच एक बरोबर आहे.

ढमालेंना जाऊन बरीच वर्षं झाली. स्टेटमेंट आता बदलता येत नाही. म्हणून इथे लिहिते. शनिवार, १६०५, कात्रजचा जुना बोगदा. वाहनात बिघाड नव्हता. इंधन संपलं होतं. ते कॅप्टनने मोजलं होतं. घोडी चिमणी, वय अकरा, तांबूस, कपाळावर चांदणी. हवालदार विठोबा ढमाले, नालबंद, बोगद्यात पंचावन्न मिनिटं आणि त्यानंतर क्लबपर्यंत तिच्यासोबत.

साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी ठेवली आहे.