चौथा पाय

चिनी शाईच्या क्लासमध्ये सरांनी शेवटचा हात फिरवल्याशिवाय कुणाचंच चित्र पूर्ण होत नसे. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हा क्लास भरायचा. सर आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शाईकाम नंतर हौसेनं शिकले, पण सवय शाळेतलीच. समोरच्याच्या हातातला ब्रश काढून घ्यायचा आणि ‘फिनिशिंग’ द्यायचं.

तैलरंगात एक वेळ चाललं असतं. इथे पातळ कागद शाई लगेच पितो. खोडता येत नाही, झाकता येत नाही. माझा उडी मारणारा बोका सरांनी मिशा काढल्यावर फोटोला बसल्यासारखा दिसायला लागला. धावत्या घोड्याला त्यांनी ठसठशीत खूर दिले आणि घोडा थांबला. मी दर वेळी ‘थँक यू सर’ म्हणाले. इंग्रजी शाळेत तेवढं मात्र पक्कं करून घेतलं होतं.

पुढे क्लासचं प्रदर्शन ठरलं. मला एक तरी चित्र संपूर्ण माझं लावायचं होतं. आमच्या गल्लीतलं कुत्रं रोज संध्याकाळी, मी ऑफिसातून येताना, स्कूटीमागे धावायचं. त्याची धाव मला आरशातूनच माहीत: आधी कान, मग छाती, पाय नुसते धुरकट. कागदांचा गठ्ठा वाया घालवल्यावर एकदाचं ते जमलं. तीन पाय आले, चौथ्याच्या जागी कोरड्या ब्रशचा एक फराटा.

आई म्हणाली, एक पाय राहिलाय. बाबांनी चष्मा लावून मोजले. शेजारच्या काकूंनी विचारलं, लंगडं आहे का गं? आमच्या सोसायटीत सगळे इंजिनियर. चित्र बघत नाहीत, तपासतात.

रविवारी सरांनी चित्र उचलून पाहिलं. मान डोलावली. मग ब्रश शाईत बुडवला.

"छान आहे. फक्त हा पाय तेवढा..."

मी कुत्र्यावर तळहात ठेवला. शाईचा थेंब माझ्या हातावर पडला.

"नको, सर."

बाकीच्यांचे ब्रश थांबले. सरांनी आपला ब्रश सावकाश पुसला.

"बरं. लोक विचारतील, तेव्हा उत्तर आपलं आपण द्यायचं. मी नाही."

ही शिक्षा त्यांनी विचार करून दिली असणार. लिफ्टमध्ये कुणी असेल तर मी जिन्याने जाते. प्रदर्शनाच्या संध्याकाळी मात्र त्या कुत्र्याशेजारी उभी राहून मी प्रत्येकाला तेच सांगत होते, की धावताना सगळे पाय दिसत नाहीत, आणि प्रत्येक जण ऐकून घेऊन पुन्हा पाय मोजत होता. शेवटी सर स्वतःच एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे वाकले, बोट फिरवत मोजू लागले. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"धावतंय ते," मी म्हणाले. "मोजत थांबलात तर चावेल."

पाहुण्यांनी बोट मागे घेतलं. सर त्यांना पुढच्या चित्राकडे घेऊन गेले. तिथे माझाच घोडा होता. त्याचे चारही खूर जागेवर होते.